आघाडीचा खेळाडू : विकतचा की घरचा ?

फुटबॉलचा हंगाम कोठलाही असो आणि संघ कोणताही असो, एक वाद त्याच्या चाहत्यांमध्ये हटकून झडतो. संघ दोन सामने हरला किंवा जिंकता जिंकता बरोबरीत अडकला, की 'आपल्याकडे गोल करणारा माणूसच नाही' अशी तक्रार सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ 'नवा आघाडीचा खेळाडू आणलाच पाहिजे' ही मागणी पुढे येते. दुसरा पक्ष म्हणतो, आहेत ते खेळाडू वाईट नाहीत, त्यांना थोडा दम खाऊ द्या. कोल्हापूरच्या पेठांतील कट्ट्यांवर हा वाद कित्येक वर्षे चालत आला आहे. मोबाईलच्या पडद्यामुळे तो आता खेडोपाडीही पोहोचला आहे. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हे तालुक्याचे ठिकाण घ्या. नावात समुद्र असला तरी खरा समुद्र येथून शेकडो कोस दूर. आणि त्या समुद्रापलीकडच्या मँचेस्टर वा लिव्हरपूलच्या संघात कोणाला घ्यावे याची काळजी मात्र येथील कापसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोरांनाही असते.

वडीलधाऱ्यांना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. ज्या संघाशी आपला सुतराम संबंध नाही त्याच्या खरेदी-विक्रीची चिंता कशासाठी, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याने वाद निकालात निघत नाही. कारण 'नवा आघाडीचा खेळाडू हवा का ?' या साध्या प्रश्नाच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले असतात. गोल नेमका कशामुळे होतो, हा पहिला. आणि संघ नेमका कोणाचा, हा दुसरा. या दोहोंचा विचार न करता केलेली मागणी संघाला पुष्कळदा महागात पडते. आपल्या देशाला तर ती फारच महागात पडली आहे.

शेवटची लाथ आणि तिच्या आधीचे सर्व काही

प्रेक्षकाच्या नजरेची एक स्वाभाविक मर्यादा आहे. चेंडू जाळीत शिरतो तो क्षण त्याला दिसतो आणि चेंडू खांबावरून बाहेर गेला तो क्षणही त्याला दिसतो. या दोन्ही क्षणी चेंडूजवळ उभा असतो तो आघाडीचा खेळाडू. म्हणून श्रेयही त्याचे आणि अपश्रेयही त्याचे. बचावफळीतून चेंडू वेळेवर सुटला की नाही, मधल्या फळीने तो पुढे नेला की नुसता आडवा फिरवला, बगलेवरून आलेला फटका गोलमुखाशी पोहोचला की प्रतिपक्षाच्या डोक्यावर आदळला, या गोष्टी त्याच्या ध्यानात राहत नाहीत. विहिरीला पाणी कमी पडले म्हणून मोटकऱ्याला दोष द्यावा, तसा हा प्रकार होतो.

इंग्लंडमधील गेल्या काही हंगामांचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. आर्सेनलच्या चाहत्यांनी 'आपल्याला हाडाचा गोल करणारा खेळाडू नाही' ही तक्रार वर्षानुवर्षे केली. पण २०२३-२४ च्या हंगामात, असा खेळाडू नसतानाच, त्या संघाने ३८ सामन्यांत ९१ गोल केले आणि दुसरा क्रमांक मिळवला. उलट मँचेस्टर युनायटेडने २०२४-२५ मध्ये अवघे ४४ गोल केले व तो संघ पंधराव्या स्थानी घसरला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी एकदम तीन आघाडीचे खेळाडू विकत घेतले. तेथे मागणी खरी होती हे मान्य केले पाहिजे. तिसरे उदाहरण लिव्हरपूलचे. २०२४-२५ चे अजिंक्यपद मिळवताना या संघाने ८६ गोल केले होते. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ रोजी साडेबारा कोटी पौंड मोजून त्यांनी अलेक्झांडर इसाक याला आणले. ब्रिटिश फुटबॉलमधील तो त्या वेळचा सर्वांत महाग सौदा होता. आणि त्याच शरद ऋतूत लीगच्या सात सामन्यांपैकी सहा त्यांनी गमावले. इसाकची योग्यता त्यामुळे कमी ठरत नाही. जमलेल्या मेळातून काही माणसे निघाली, काही नवी आली, आणि मेळ पुन्हा बसवावा लागला, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा खेळाडू आणल्याने कधी साधते, कधी बिघडते. साधायचे असेल तर निदान आधी झाले पाहिजे. संघ संधी निर्माण करतो पण वाया घालवतो, की संधीच निर्माण करीत नाही ? पहिल्या दुखण्याला नवा आघाडीचा खेळाडू हे औषध आहे. दुसऱ्या दुखण्यावर तेच औषध दिले तर पैसा जातो आणि आलेला खेळाडू एकाकी उभा राहून हंगामाच्या अखेरीस शिव्या खातो.

जेथे चाहता हाच धनी

विलायती संघांविषयी आपण कितीही हिरिरीने बोललो तरी तेथे आपला शब्द कोणी ऐकत नाही. महाराष्ट्रात एक ठिकाण मात्र असे आहे की जेथे चाहत्याच्या शब्दाला खरोखरच वजन आहे. ते म्हणजे कोल्हापूर. येथील फुटबॉल संस्थानकाळात रुजला, आणि रुजला तोही तालमींच्या आश्रयाने. कुस्तीसाठी जन्माला आलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, ही गोष्ट देशात विरळाच. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी ही नावे त्या शहरात घराण्यांच्या नावांसारखी उच्चारली जातात. कोल्हापूर स्पोर्टस् असोसिएशनच्या देखरेखीखाली छत्रपती शाहू स्टेडियमवर सामने होतात आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असा सामना असला की उन्हाची तमा न बाळगता स्टेडियम भरून जाते.

या संघांना कोणी उद्योगपती मालक नाही. पेठेतील माणसांची वर्गणी, एखाद्या दुकानदाराचा हातभार, जुन्या खेळाडूंची धडपड आणि एखाद्या पुढाऱ्याचे अधूनमधून मिळणारे पाठबळ यांवर ते चालतात. आणि येथेच गेल्या काही हंगामांत बाहेरचे खेळाडू आणण्याची चढाओढ लागली. परप्रांतांतून, तसेच नायजेरिया, घाना यांसारख्या आफ्रिकी देशांतून खेळाडू येऊ लागले. आणि ते येऊ लागले ते बहुधा आघाडीच्या किंवा मध्यफळीच्या मोक्याच्या जागांवर. साहजिकच पेठांमध्ये दोन तट पडले.

खेळाडू आणावेत असे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. ते सांगतात की या खेळाडूंमुळे खेळाचा वेग वाढला. अंगापिंडाने भक्कम अशा आघाडीच्या खेळाडूला अडवता अडवता आमचे बचावपटू तयार झाले. चुरस वाढली म्हणून प्रेक्षक टिकला. प्रतिस्पर्धी पेठ दोघांना आणते तेव्हा आम्ही हात बांधून बसायचे काय, हा त्यांचा सवालही बिनतोड आहे. चढाओढीत एकट्यानेच व्रत पाळणाऱ्याला व्रताचे पुण्य मिळते, चषक मिळत नाही.

विरुद्ध बाजूची माणसे विचारतात की मैदानावर आपल्या गल्लीतला मुलगा नसेल तर आपण ओरडायचे कोणासाठी ? गांधी मैदानावर सकाळ-संध्याकाळ घाम गाळणारा अठरा वर्षांचा पोरगा संघाच्या गणवेशाची वाट पाहतो. त्याची जागा हंगामापुरत्या आलेल्या पाहुण्याला दिली, तर तो मुलगा पुढच्या वर्षी मैदानावर दिसेलच असे नाही. वर्गणीचा मोठा हिस्सा मानधनावर गेला तर लहान मुलांच्या संघाला चेंडू आणि बूट कशातून द्यायचे, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

दोन्ही बाजूंनी एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. आलेला खेळाडू पोटासाठी आलेला असतो. घरापासून हजारो मैलांवर, अनोळखी भाषेत, अनोळखी अन्न खाऊन तो आपल्या पेठेसाठी अंग झिजवतो. धोरणावरचा राग त्याच्या रंगावर काढणे हा खेळाचा आणि कोल्हापूरच्या आतिथ्याचा अपमान आहे. वाद आहे तो त्याला बोलावणाऱ्या हिशेबाशी. त्याच्याशी नव्हे.

विकतच्या संघांचे आयुष्य

हा हिशेब मोठ्या प्रमाणावर करून पाहण्याची संधी महाराष्ट्राला मिळालेली आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळवले. ब्राझीलचा होसे बारेटो, घानाचा युसिफ याकुबू असे नामांकित खेळाडू त्या काळात त्या संघातून खेळत. चार वर्षांनी, २०१० मध्ये, मालकांनी संघ बंद केला. पुण्याचा पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि २०१५ मध्ये संपला. मुंबई एफसीने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने मार्सेलिनो आणि एमिलियानो अल्फारो अशी गोल करणारी जोडी आणून २०१७-१८ चा हंगाम गाजवला. २०१९ मध्ये तो संघही उरला नाही आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

या संघांच्या चाहत्यांनीही नव्या आघाडीच्या खेळाडूविषयी तावातावाने वाद घातलेच असतील. त्या वादांचे आज काय उरले ? ताळेबंदात तोटा दिसला त्या दिवशी खेळाडू आपापल्या वाटेने गेले, चाहत्यांच्या हाती जुने सदरे राहिले. पेठेची तालीम मात्र तोट्यात असूनही चालू आहे, कारण ती कधी फायद्यासाठी निघालीच नव्हती. मुंबई सिटीसारख्या संघाने २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये लीगचा चषक जिंकून पैशाने यशही मिळते हे दाखवले आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु विकतच्या यशाला मालकाच्या इच्छेचे आयुष्य असते. चाहत्याची निष्ठा त्याहून लांब पल्ल्याची असते आणि म्हणून त्याचा विचारही लांब पल्ल्याचा असावयास हवा.

देशाच्या संघाला पडलेली किंमत

आता या सर्व व्यवहाराची बेरीज राष्ट्रीय संघात कशी उतरली ते पाहू. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करण्याचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिनो, कोरो, ओगबेचे, दिमांताकोस, अजराई अशी ती परंपरा आहे. याउलट १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीगचा पहिलाच हंगाम झाला तेव्हा बायचुंग भुतिया १४ गोल करून सर्वांच्या पुढे होता. मैदानावर एका वेळी किती परदेशी खेळाडू असावेत याची मर्यादा सहावरून पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आणण्यात आली. परंतु त्या चारांत आघाडीचा एक बहुतेक ठरलेलाच असे. भारतीय मुलाला बगलेला जागा मिळाली, मागे मिळाली, गोलरक्षणास मिळाली. गोलमुखासमोरची मधली जागा त्याच्यासाठी क्वचितच मोकळी राहिली.

कोल्हापूरच्याच अनिकेत जाधवचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत तो देशाच्या आघाडीफळीत होता. पुढे व्यावसायिक संघांत त्याचा उपयोग झाला तो प्रामुख्याने बगलेचा खेळाडू म्हणून. हे एकट्याचे दुर्दैव नाही. त्या पिढीतल्या अनेकांची वाट अशीच मधून कडेला वळली.

परिणाम दिसायचा तो दिसला. कतारमध्ये जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत भारताने तीन सामने खेळले, तिन्ही गमावले आणि एकही गोल केला नाही. त्याच वर्षी ६ जून रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर सुनील छेत्रीने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. त्याच्या नावावर तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल होते. तो गेला आणि त्याच्या जागी उभे करावे असे माणूस सापडेना. २०२४ चे सबंध वर्ष भारताला एकही विजय मिळाला नाही. अखेर मार्च २०२५ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीलाच परत बोलावण्यात आले. त्यात त्याचा मोठेपणा आहे. देशाचे मात्र दारिद्र्य आहे. २०२४-२५ च्या लीगमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक, म्हणजे १४ गोल केले होते, तेही त्यानेच. आणि तो परतल्यावरही आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील पहिल्या पाच सामन्यांत बांगलादेश, हाँगकाँग व सिंगापूर यांच्याविरुद्ध भारताला एकही विजय मिळवता आला नाही. पाच सामन्यांत गोल झाले दोन.

या दुरवस्थेला केवळ परदेशी खेळाडू कारणीभूत आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांच्या स्पर्धा अपुऱ्या, प्रशिक्षक तुटपुंजे, संघटनेतील वाद कायमचे. कारणे पुष्कळ आहेत. पण गोल करणे ही कला पुस्तकातून येत नाही. बचावपटूचा श्वास मानेवर जाणवत असताना क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, आणि तो निर्णय शंभर वेळा चुकल्याशिवाय एकशे एकाव्या वेळी बरोबर येत नाही. शंभर चुका करण्याची मुभा ज्याला मिळाली तोच आघाडीचा खेळाडू होतो. आपल्या संघांनी ती मुभा विकतच्या खेळाडूला दिली आणि घरच्याला पहिल्याच चुकीनंतर बाकावर बसवले.

बिल्बाओचा धडा

अशा वेळी स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या संघाचे नाव घेतले जाते. बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तेथील मैदानांवर घडलेल्या खेळाडूंनाच घ्यावयाचे, हे व्रत या संघाने शंभराहून अधिक वर्षे सांभाळले आहे. बाजार त्याला बंद आहे. तरीही स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून तो आजवर कधी खाली उतरलेला नाही आणि २०२४ मध्ये त्याने राजाचा चषकही जिंकला. संघाचा अध्यक्ष सभासद निवडतात. आपल्या तालमींशी त्याचे नाते लागते ते येथे.

त्या संघाचा गाजलेला आघाडीचा खेळाडू इनाकी विल्यम्स हा घानाहून स्थलांतर केलेल्या आईवडिलांचा मुलगा, जन्म बिल्बाओचा. त्याचा धाकटा भाऊ निको हाही त्याच संघातून खेळला. तेव्हा 'घरचा' याचा अर्थ रक्ताचा, जातीचा वा भाषेचा असा घेण्याचे कारण नाही. जो आपल्या मातीत पडला, उठला आणि खेळायला शिकला तो घरचा. मग त्याचे आईबाप कोठून का आलेले असेनात.

बिल्बाओचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. तो प्रदेश संपन्न आहे आणि मुलांच्या प्रशिक्षणावर तो संघ सातत्याने खर्च करतो. त्यांनी आधी शेत तयार केले, मग कुंपण घातले. शेत ओसाड ठेवून नुसते कुंपण घातले तर आत उगवणार काय ?

बियाण्याची गोष्ट

शेताचा विषय निघालाच आहे तर पुन्हा समुद्रपूरकडे वळू. जाम, गिरड, हिंगणघाट हा सारा कापसाचा मुलूख. येथील शेतकऱ्याला घरचे बियाणे आणि विकतचे बियाणे यांतील फरक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी सरकी राखून ठेवली जाई आणि पुढच्या मृगात तीच पेरली जाई. संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि दरवर्षी पाकीट विकत घेणे भाग झाले. उत्पन्न वाढले हे खोटे नाही. पण संकरिताची सरकी पुन्हा पेरली तर तसे पीक येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते; आणि बियाणे निवडण्याची, राखण्याची जी घरोघरची जाण होती ती एका पिढीत विसरली गेली.

विकत आणलेल्या आघाडीच्या खेळाडूचे नेमके असेच आहे. त्या हंगामाचे पीक चांगले येते. पुढच्या हंगामासाठी त्यातून काही राहत नाही. आणि मुलातला आघाडीचा खेळाडू ओळखण्याची, त्याला धीर देण्याची जी दृष्टी जुन्या खेळाडूंपाशी होती ती वापरावाचून बोथट होते. पाकिटाला विरोध नाही. चार एकर विकतच्या बियाण्याचे पेरले तरी एक वावर घरच्या वाणासाठी राखून ठेवावे, इतकेच सांगणे आहे.

हे वावर म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जेथे संघ आहेत व प्रेक्षक आहेत, तेथे स्थानिक स्पर्धांतून आघाडीची एक जागा एकवीस वर्षांखालील स्थानिक मुलासाठी राखून ठेवण्याचा नियम सर्व संघांनी एकमताने करावा. नियम सर्वांना सारखा असला की चढाओढीत कोणी एकटा व्रतस्थ राहून हरणार नाही. दुसरे असे की, बाहेरच्या खेळाडूवर खर्च होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच तालमीच्या कुमार संघासाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब वर्गणीदारांपुढे मांडावा. आलेल्या खेळाडूने आठवड्यातून एखादा दिवस पेठेतील मुलांना शिकवावे अशी अट घातली, तर पाहुण्याचा मुक्कामही काहीतरी मागे ठेवून जाईल.

विदर्भाची गोष्ट वेगळी. नागपूर-कामठीला फुटबॉलची परंपरा जुनी आहे. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव जुन्या शौकिनांच्या ओठांवर असे. नागपुरातच हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल देऊन २००१ पासून जे काम उभे केले, त्यावर २०२२ मध्ये चित्रपटही निघाला. परंतु नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने जामपर्यंत आले की ही परंपरा विरळ होते. समुद्रपूरच्या मुलापुढे 'नवा आघाडीचा खेळाडू घ्यावा का ?' हा प्रश्न येतच नाही. कारण तो घेणारा संघच नसतो. त्याच्या वाट्याला येतात त्या शालेय स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या. त्या बाद पद्धतीने खेळल्या जातात. शाळा पहिल्याच सामन्यात हरली की त्या मुलाचा त्या वर्षीचा फुटबॉल संपला. वर्षाकाठी एका सामन्यात तो शंभर चुका कधी करणार आणि गोल करायला कधी शिकणार ?

येथे मोठ्या खर्चाची गरज नाही. हिंगणघाट, समुद्रपूर, जाम, गिरड अशा आठ-दहा गावांतील शाळांनी आणि मंडळांनी मिळून साखळी पद्धतीची स्पर्धा घ्यावी. सोयाबीन निघाल्यावर आरंभ करून परीक्षांपूर्वी ती संपवावी. हरणाऱ्या संघालाही बारा-पंधरा सामने मिळावेत, एवढाच तिचा उद्देश. तालुक्याला क्रीडा संकुल असावे हे राज्याच्या धोरणात आहेच. त्या संकुलाच्या मैदानावर मुले रोज धावताना दिसावीत यासाठी गावाने पाठपुरावा केला पाहिजे. नगरपंचायतीच्या सभेत गटारे आणि पथदिव्यांबरोबर हा विषयही निघाला तर बिघडत नाही.

चाहत्याचे काम

चाहत्याने वाद घालूच नये असे मुळीच नाही. वाद घालणारा चाहता हे जिवंत खेळाचे लक्षण आहे. टाळ्या वाजवून घरी जाणारा प्रेक्षक संघाला तिकिटाचे पैसे देतो, भांडणारा चाहता संघाला स्वतःचा मानतो. त्याने फक्त आपल्या भांडणाचा रोख थोडा बदलावा. 'कोणाला आणणार ?' हे विचारण्यापूर्वी 'गेल्या वर्षी आपल्या मुलांपैकी कोणाला, किती सामने, गोलमुखासमोर खेळवले ?' हे त्याने विचारावे. उत्तर समाधानकारक असेल तर नवा खेळाडू आणण्यास त्याने खुशाल वर्गणी द्यावी. उत्तर नसेल, तर त्याच वर्गणीतून आधी चार चेंडू घ्यावेत.

आणि हे विचारण्यासाठी धीरही लागतो. घरचा मुलगा मोकळ्या जाळीसमोर चेंडू बाहेर मारतो तेव्हा स्टेडियमभर जी चुकचुक उठते, ती त्याच्या कानांत वर्षभर घुमते. पुढच्या वेळी तो मारण्याऐवजी पास देऊन मोकळा होतो, आणि आपण म्हणतो, आपल्याकडे गोल करणारा माणूसच नाही. छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न दिल्लीत किंवा कोलकात्यात सुटणार नाही. तो पेठेत आणि तालुक्याच्या मैदानावर सुटेल, आणि त्यासाठी पहिली मदत करायची आहे ती त्या चुकलेल्या मुलाला पुढच्या रविवारीही पुढेच उभा करणाऱ्या माणसांनी.